फरशीतली रिकामी जागा आणि सिमेंट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. सिसिलीतल्या पियाझ्झा आर्मेरिनाजवळच्या रोमन हवेलीवर, व्हिला रोमाना देल कासालेवर, मी लिहिलं होतं. तिथल्या फरश्यांवर रंगीत दगडांचे बारीक तुकडे चुन्यात बसवून केलेली चित्रं, म्हणजे मोझॅइक, आहेत. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत : चित्र जिथे गेलं तिथे साधा गिलावा करून मोकळं होणं ही कामचुकारी, आणि सिमेंट हाताशी असताना चुन्याचा हट्ट धरणं हा जुन्याचा नुसता सोस. तुम्ही स्वतः एका देवळाच्या सभामंडपाची फरशी सिमेंटमध्ये बसवलीत आणि ती आजही शाबूत आहे, हेही लिहिलंत. तरीही दोन्ही मुद्दे मला मान्य नाहीत.

सिमेंटचं आधी घेतो. रोमन फरशीखाली दगडगोटे, त्यावर खडी-चुना आणि त्यावर वीटभुकटी व चुना, तिनास एक. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने हे प्रमाण लिहून ठेवलं आहे. म्हणजे आपली सुरखीच की! हा माल ओल शोषतो, तशी सोडतोही. सिमेंटमधून ओल सहज वर येत नाही, मग ती शेजारच्या जुन्या तुकड्यांतून वाट काढते. सोबत क्षार येतात, ते पृष्ठभागाशी साठतात आणि भिंतीला लोणा लागावा तसा संगमरवराचा भुगा व्हायला लागतो. विसाव्या शतकात भूमध्य समुद्राकाठी कितीतरी मोझॅइक उचलून सळयांच्या काँक्रीटवर बसवली गेली. सळई गंजून फुगली की छज्ज्याचं काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं? तेच या चित्रांचं झालं. आणि ते सिमेंट आता सोडवायला जावं तर तुकडेच फुटतात.

उलट चुन्याचं काम बघा. कारागीर गुडघ्यावर बसून बोटांच्या पेरांनी फरशी वाजवत पुढे सरकतो. बद्द आवाज आला, म्हणजे खाली पोकळी, की तिथे खूण. मग सांध्यातून सिरिंजने आधी पाणी, नंतर चुन्याचा पातळ घोळ, आणि वर वाळूच्या पिशव्यांचं वजन. मग आत माल धरेपर्यंत थांबायचं. या माणसांना कामचुकार म्हटलेलं मला खरंच लागलं.

आता रिकाम्या जागेचं. या हवेलीत दोन तुकड्यांचे कपडे घालून खेळणाऱ्या दहा मुलींचं प्रसिद्ध दालन आहे. कुणाच्या हातात वजनं आहेत, कुणी थाळी फेकते आहे, दोघी चेंडू खेळताहेत. त्याचा एक कोपरा गेलेला आहे, एका मुलीची आकृती बरीचशी नाहीशी झाली आहे. आणि त्याच खिंडारातून खालची, आणखी जुनी भौमितिक नक्षीची फरशी दिसते! आधीच्या फरशीवर नवी घातली गेली, याचा पुरावा तिथेच डोळ्यांसमोर आहे. तो कोपरा कुणी ‘पूर्ण’ केला असता तर तो झाकला गेला असता. शिवाय त्या मुलीच्या हातात काय होतं, हे कोण सांगणार? जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचं नववं कलम सांगतं की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

एका ठिकाणी मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे. पुन्हापुन्हा येणाऱ्या वेणीच्या काठात अंदाजाला जागाच नसते, आणि उघडी कड सुटत जाते. तिथे नवे दगड जरूर बसवावेत, फक्त जवळून पाहिल्यावर नवे म्हणून ओळखू यावेत. सनदेच्या बाराव्या कलमालाही तेच हवं आहे. चेहरे, हात, हत्यारं यांना मात्र कुणी हात लावू नये.

तिकीट काढून लोक भोकं बघायला येत नाहीत, असंही तुम्ही म्हणता. पण तिथला खरा शत्रू भोकं नाहीत. १९९१च्या पुरात या फरश्यांवर चिखल आला. पन्नासच्या दशकाअखेरीपासून घातलेल्या पारदर्शक छपरांखाली इतका उकाडा व्हायला लागला की पुढे ती बदलावी लागली. पैसा आहे ना, तर तो छपरावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर घालावा.

तुमच्या सभामंडपाबद्दल एक विनंती. पावसाळा संपल्यावर तिथल्या जुन्या खांबांचा आणि भिंतींचा खालचा हातभर भाग निरखून पाहा. लोणा दिसला तर फोटो पाठवा; न दिसला तरी पाठवा, मला ते काम नीट समजून घ्यायचं आहे.