गोळी लागू पडते, पण पुढे काय?
लेख आवडला. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकात बदल सापडला तर गोळीने गाठ आटोक्यात येते, हे छान समजावलंय. पण तीच गोळी पुढे निकामी का होते, हा भाग राहून गेला. रुग्णाच्या घरच्यांना नेमकं तेच विचारायचं असतं.

ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन. बाहेरून वाढीचा निरोप आला की तो जागा होतो, निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि पेशी विभागते. त्याच्या जनुकातल्या एक्झॉन १९ या भागातला तुकडा गळाला की निरोप नसतानाही हे चालूच राहतं. जेफिटिनिब ही गोळी रिसेप्टरमधली एटीपीची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची) जागा अडवून ते थांबवते. मग बऱ्याच जणांत या प्रथिनाच्या साखळीत ७९० व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन येतं, एटीपीची पकड वाढते आणि औषध मागे पडतं. ओसिमर्टिनिब हे दुसरं औषध शेजारच्या ७९७ व्या जागच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचं चिकटतं, म्हणून तिथे चालतं. ते सिस्टीनही बदललं की पुन्हा पंचाईत!

माझ्या आत्याने कधी तंबाखूला हात लावला नाही, म्हणून कॅन्सरची शंका कुणाला लवकर आलीच नाही. व्यसन नसलेल्यांत हे बदल जास्त आढळतात, हे कृपया लेखात ठळक टाका.

आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीवरही लिहा. ३५० रुग्णांपैकी निम्म्यांना जेफिटिनिबसोबत केमोथेरपी दिली, तर आजार न वाढता गेलेला काळ साधारण ८ वरून १६ महिन्यांवर गेला. दुष्परिणाम मात्र वाढले, तेही सांगायला हवं.