आधी शिकू तर द्या, मग टॅलेंट शोधा

बॅलेच्या स्कॉलरशिपच्या बातम्या आपण सगळे कौतुकाने शेअर करतो, पण त्यातल्या बऱ्याचशा तयार झालेल्या मुलांसाठी असतात हे कोणी बोलत नाही. स्वित्झर्लंडची प्री द लोझान ही बॅले स्पर्धा घ्या, 1973 पासून चालू आहे, केवढं नाव, पण वय 15 ते 18. म्हणजे तिथवर पोचायची सात-आठ वर्षं आईबापाने खिसा रिकामा करायचा. खरी गरज आहे ती आठ वर्षांच्या पोरीला, जिचे अजून प्लिए (उभ्याने गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवणं) करताना गुडघे आत पडतात.

आमची लेक बॅले शिकायला जाते तिथे (न्यू जर्सीत) लहानांसाठी स्कॉलरशिप आहे, पण ऑडिशन घेऊन. पाय किती बाहेर वळतात, पावलाला कमान किती, पाठ किती वाकते, हे बघतात. अहो, ज्यांचे आधीच प्रायव्हेट लेसन झालेत त्याच पोरी तिथे उठून दिसणार ना! आणि फी माफ झाली तरी लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा नाचाचा पोशाख), टाइट्स, डिसेंबरात नटक्रॅकर या ख्रिसमसच्या बॅलेच्या कॉस्च्युमचे पैसे वेगळे, पाय वाढतात म्हणून शूज परत परत घ्या आणि त्याचं इलॅस्टिक पेनाने खुणा करून घरी हाताने शिवत बसा. वर ने-आण. दुपारी साडेचारला शिफ्टवर असलेली आई मुलीला क्लासला कशी सोडणार?

मिस्टी कोपलँडचंच बघा. कॅलिफोर्नियात सॅन पेड्रोच्या बॉइज अँड गर्ल्स क्लबमध्ये, बास्केटबॉल कोर्टवर, फुकटच्या क्लासला ती 13 व्या वर्षी मोजे घालून उभी राहिली. टीचरने पुढे फी तर घेतली नाहीच, शाळेतून क्लासला न्यायची सोयही केली. 2015 मध्ये तीच अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय प्रिन्सिपल बॅलेरिना. कोर्टवर ऑडिशन ठेवली असती तर मोज्यातली ही मुलगी आत तरी आली असती का?

मुलग्यांचं अजून वेगळंच. इकडे बऱ्याच क्लासमध्ये मुलगे मिळत नाहीत म्हणून त्यांना फी माफ असते, त्यांना उशिरा सुरू केलं तरी चालतं. दिल्लीचा कमल सिंग 17 व्या वर्षी शिकायला लागला, वडील ई-रिक्षा चालवायचे, सरांनी फुकट शिकवलं आणि 2020 मध्ये लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये सिलेक्ट झाला. मुंबईचा अमीरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा, 2017 मध्ये रॉयल बॅले स्कूलला गेला. दोघांचं मनापासून कौतुक आहे, पण दोघांचंही नशीब एकेका गुरूच्या मोठ्या मनावर चाललं, आणि कमलला तर सिलेक्शन झाल्यावरही लोकांकडून वर्गणी काढून पैसे उभे करावे लागले. घरची तशीच परिस्थिती असलेल्या भारतातल्या मुलीची अशी बातमी मला तरी दिसलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं, पहिली दोन वर्षं ऑडिशन नकोच. घरचं उत्पन्न बघा, फीबरोबर शूज आणि व्हॅनचे पैसे धरा, जमलं तर क्लासच सरकारी शाळेच्या जिममध्ये घ्या. टॅलेंट-बिलंट तिसऱ्या वर्षी बघा. तुमच्या गावात कोणी असं करत असेल तर कमेंटमध्ये सांगा, आमच्या पेरेंट मीटिंगमध्ये दाखवायला उपयोगी पडेल.