जेआर थ्री झालात? आता मुलांपासून लांब राहा

बालरोगाच्या एमडीचं तिसरं वर्ष लागलं, म्हणजे तुम्ही आता जेआर थ्री, तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर. अभिनंदन. दोन वर्षं तुम्ही ९०० ग्रॅमच्या बाळांच्या शिरा शोधल्यात, पावसाळ्यात एकेका खाटेवर दोन-दोन तापकरी मुलं सांभाळलीत. पुरे झालं. बालरोगाची एमडी पास व्हायची तर आधी बालरोग वॉर्डातून पाय काढावा लागतो, हे जितक्या लवकर उमगेल तितकं बरं.

आधी थिसिस उरका. परीक्षेच्या किमान ६ महिने आधी तो जमा करायचा असतो, म्हणजे त्याच्या आदल्या आठवड्यात सुरू केला तरी चालतो. शीर्षकात ‘प्रोफाइल’ हवंच: डेंग्यूचं, लेप्टोचं, कशाचंही. कोकणात पाऊस पडतोय तोवर विषयांची ददात नाही. नमुना किती रुग्णांचा लागेल हे आधी काढत बसू नका. जितके केसपेपर सापडले तितका नमुना, आणि त्याला जुळेल असं प्रमाण कुठल्यातरी जुन्या अभ्यासातून उचलून सूत्र उलटं चालवा. काही पेपरांवर वजन लिहिलेलं नसेल, तर निरोगी मुलाच्या अपेक्षित वजनाचं सूत्र, ‘वयाची दुप्पट अधिक ८’, लावून भरून टाका. एका फटक्यात तुमच्या तालुक्यातलं कुपोषण हटेल.

आता ज्युनिअर. त्यांना काहीएक शिकवू नका, आपण शिकलो तसे तेही शिकतील. समजा भातकापणीच्या दिवसांत रात्री २ वाजता लाल विंचू चावलेलं १० किलोचं पोर आलं. उलट्या, अंग घामाने चिंब, हातपाय गार. पहिल्या वर्षाच्या जेआर वनला तुम्ही एवढंच सांगून ठेवलेलं बरं: ‘विंचू ना? ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टची ॲलर्जीवरची इंजेक्शनं दे, सकाळी बघू.’ घाम बघून त्याने घाम थांबवणारं ॲट्रोपिन दिलं तर हृदयावर आणखी ताण पडेल, पण तुमची झोप मोडणार नाही. विंचूदंशावरचं खरं औषध प्रॅझोसिन, त्याचं नाव काढू नका. नाहीतर त्याला सगळंच सांगत बसावं लागेल: किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे या पोराला ३०० मायक्रोग्रॅम; १ मिलिग्रॅमची साधी गोळी कुटून तेवढाच भाग पाण्यातून द्यायचा, दुकानात सहज मिळते ती हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची नव्हे, मूल आडवंच ठेवायचं, आईने कडेवर घेतलं तर रक्तदाब कोसळतो, ३ तासांनी पुन्हा डोस, पाय गरम होईपर्यंत. हा शेवटचा भाग हमखास राहतो. पहिला डोस दिला, हुश्श केलं, आणि पहाटे फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे औषध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून जगाला सांगितलं. पण पिकतं तिथं विकत नाही. तुम्ही आपले सिंड्रोम पाठ करा.

फुरसं चावलं तर? रक्त गोठतंय का ते पाहायला २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं असतं. तुमच्या वॉर्डात ते प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये ठेवतात आणि दर २ मिनिटांनी हलवून बघतात. ही परंपरा मोडू नका. अँटीव्हेनमही वजनाप्रमाणे कमी करून द्यायची मुभा ज्युनिअरला असू द्या. साप मूल बघून विष कमी सोडत नाही, म्हणून मोठ्या माणसाइतक्याच १० वायल लागतात, असली बारीकसारीक माहिती कुणाला हवी?

जिल्हा निवासी कार्यक्रमाचे, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत काढायचे ३ महिने पाचव्या सत्रात, म्हणजे याच वर्षी पडले तर नशीब काढलंत. ग्रामीण प्रसूतिगृहात बाळ रडलं नाही तर पहिल्या ६० सेकंदांत काय करायचं, हे तिथल्या सिस्टरला तुमच्याहून चांगलं येतं. ती बाळाला श्वास देणारा बॅग-मास्क धरेल, तुम्ही हजेरीच्या वहीवर सही करा. तारकर्ली जवळ असेल तर उत्तमच.

मग परीक्षा. लाँग केसला, म्हणजे सविस्तर तपासायच्या रुग्णाला, नेहमीची मंडळी येतात: थॅलेसेमिया, नेफ्रोटिक, सेरेब्रल पाल्सी. मुलाच्या पोटाला हात लावण्याआधी आईकडे बघा. या बायांनी इतक्या परीक्षा पाहिल्यात की त्याच हळूच सांगतात, “प्लिहा आठ सेंटीमीटर असा, डॉक्टरांनू. गेल्या फावटी सात होती.” वाढीचे तक्ते भरताना मात्र सावध. ५ वर्षांखाली जागतिक आरोग्य संघटनेचा, त्यावर आयएपीचा, म्हणजे भारतीय बालरोग अकादमीचा. उलटे वापरलेत तर नापास. थिसिसमध्ये वजन घरी बसून लिहिलं तेव्हा असं कुणी विचारलं नव्हतं, हा राग परीक्षकावर काढू नये.

पास झालात की एक वर्षाचा सरकारी सेवेचा बॉण्ड, मग दवाखाना. पाटीवर ‘नवजात शिशू व बालरोगतज्ज्ञ’, खाली ‘एमडी’ ठळक. गौरी-गणपतीत मुंबईकर पोरं ताप घेऊन येतील, त्यांचं भागेल. विंचवाचं पोर आलं तर मात्र ‘पुढील उपचारार्थ’ अशी चिठ्ठी लिहा आणि १०८ बोलावून आंबा घाटाच्या वाटेला लावा. घाट चढून गाडी मोठ्या मेडिकल कॉलेजात पोचेल तेव्हा पोराचे हातपाय गारच असतील. तिथल्या कॅज्युअल्टीत जेआर वन एकटा उभा असेल. जेआर थ्री लायब्ररीत असेल, परीक्षा जवळ आली आहे.