‘गाडी पाठवायची सोडून प्रश्नच विचारत बसता’ या कमेंटला उत्तर

दादा, कमेंट रागात लिहिलेली आहे पण काढणार नाहीये, राहू दे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादा डोंबिवलीला, आईवडील संगमेश्वर तालुक्यात गावी. पहाटे वडिलांचं तोंड वाकडं झालं, बोबडं बोलायला लागले, आईने मुलाला फोन केला आणि मुलाने तिकडून ॲम्ब्युलन्सला. समोरचा माणूस विचारतोय वाडी कुठली, गाडी दारापर्यंत येते का, शेवटचं नीट कधी बोलले होते, आणि एवढं सगळं विचारून गाडी आधी भलत्याच वाडीत गेली. वडील आता काठी घेऊन चालतायत हे वाचून बरं वाटलं, खरंच. पण आम्हा फोन घेणाऱ्यांना ‘एसीत बसून फॉर्म भरता’ म्हणालात, हे काही पटलं नाही बुवा. (एसी मशीनसाठी असतो, आम्ही स्वेटर घालून बसतो.)

पहिली गोष्ट, फोनवर बोलणारा आणि गाडी पाठवणारा ही बऱ्याचदा दोन वेगळी माणसं असतात. ११२ चंच घ्या, कॉल लागतो नवी मुंबईला नाहीतर नागपूरला, तिथे बोलणारा टाइप करतो आणि ते उतरतं जिल्ह्याच्या कंट्रोलरूमला, तिथला डिस्पॅचर गाडी काढतो. म्हणजे जागा आणि काय झालंय एवढं कळलं की इकडे गाडीला निरोप जातो आणि तिकडे तुमच्याशी बोलणं चालूच असतं. तुम्हाला वाटतं प्रश्न संपल्यावर गाडी निघणार, तसं नसतं. फक्त हे फोनवर कोणी सांगत नाही. ‘गाडी काढलीय, आता सांगा’ एवढं एक वाक्य बोललं तरी माणूस निम्मा शांत होतो, हे आमच्यातल्या नव्या पोरांना मी नेहमी सांगते.

आता ‘शेवटचं नीट कधी बोलले’, ज्याला तुम्ही फालतू प्रश्न म्हणालात. लकव्याच्या पेशंटला विचारण्यासारखा त्याच्याइतका महत्त्वाचा प्रश्न नाही हो. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ते साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावंच लागतं, कारण रक्तस्राव असताना ते दिलं तर उलटंच होतं. आणि घड्याळ सुरू होतं ते शेवटचे धडधाकट दिसले तेव्हापासून, तुमच्या लक्षात आलं तेव्हापासून नाही. पहाटे पाचला उठले आणि तोंड वाकडं दिसलं, पण रात्री दहाला बोलून झोपले होते, तर डॉक्टर दहापासूनच मोजायला लागतात. हे कळलं की ठरवता येतं, जवळच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नेऊन वेळ घालवायचा की जिथे स्कॅनची सोय आहे तिकडेच थेट पळवायचं.

वाडीचं म्हणाल तर ते दुखणं सगळ्या कोकणाचं आहे. नुसतं ‘पाली’ म्हटलं तर एक रत्नागिरीजवळ हायवेवरची, दुसरी सुधागडची बल्लाळेश्वराची. मुरुड दापोलीत आहे, जंजिऱ्याजवळ आहे आणि लातूरलाही आहे. खेड तर पुणे जिल्ह्यातही आहे. त्याच्या आत परत मधलीवाडी, वरचीवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी, आणि ह्या वाड्या पुढच्या गावातही ह्याच नावाच्या. तुम्ही पिन पाठवली होती म्हणता, पण मॅपवर गावाचं नाव टाकून घेतलेली पिन पुष्कळदा सड्यावर (वरच्या माळावर) नाहीतर ग्रामपंचायतीच्या आसपास पडते आणि घर असतं खाली पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला, मध्ये पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची अरुंद वाट, जिथून स्ट्रेचर काय, दोन माणसं शेजारी शेजारी उतरत नाहीत. म्हणून विचारतात गाडी दारापर्यंत येते का. येत नसेल तर खुर्चीत बसवून वर आणायला चार माणसं आत्ताच जमवावी लागतात. पावसात साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी जातंय का हेही त्यातच आलं.

आणि तुम्ही डोंबिवलीहून फोन केलात ही यातली खरी अडचण. आमच्या स्क्रीनवर नंबर दिसतो तो तुमचा, टॉवर दिसतो तो तुमच्याकडचा. पेशंट श्वास कसा घेतोय हे तुम्हाला दिसत नाही, म्हणजे मलाही दिसत नाही. चाकरमान्यांचे असे कॉल आम्हाला रोजचे, दोष कोणाचाच नाही, आई घाबरली की पहिला फोन मुलालाच करणार. पण त्या वेळी आईचा किंवा शेजाऱ्यांचा नंबर मागतात ना, तो आधी द्या, वाद नंतर घाला. परवा एका आजींना म्हटलं बाजूचं कोण असेल त्याला फोन द्या, तर बाजूच्या खळ्यातला पोरगा आला आणि म्हणाला ‘थांबा, मी बॅटरी घेऊन एसटीच्या थांब्यावर जातो’. संपलं, ड्रायव्हरला आणखी काय पायजे.

गाड्या कमी आहेत हे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. १०८ ॲम्ब्युलन्स सेवा २०१४ ला सुरू झाली ती अख्ख्या राज्याला ९३७ गाड्या घेऊन, आणि इथे एक गाडी बाळंतिणीला घेऊन जिल्ह्याला गेली, दुसरी हातखंब्याला ॲक्सिडेंटवर, की तिसरी येते ती दुसऱ्या तालुक्यातून घाट वळणं घेत. ते प्रश्न न विचारण्याने सुटणारं नाही.

‘रिक्षाने नेलं असतं तर लवकर पोचलो असतो’, हो, पोचलाही असतात. दारात गाडी असेल आणि कुठे न्यायचं माहीत असेल तर न्यावंच, पण माडावरून पडलेला, मान-पाठ दुखतेय असा माणूस असा उचलून रिक्षात घालू नका. आणि निघालात तर उलट फोन करून सांगा, नाहीतर ती ॲम्ब्युलन्स रिकाम्या घरी पोचते आणि तोवर दुसरा कोणीतरी तिची वाट बघत असतो.

चुकीच्या वाडीत गाडी का गेली ह्याचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही, अंदाज करण्यात अर्थही नाही. कॉल रेकॉर्ड होतात. कुठल्या नंबरवरून, किती तारखेला, किती वाजता केलात ते घालून लेखी तक्रार द्या आणि रेकॉर्डिंग तपासा म्हणून स्पष्ट लिहा. आईंनी मुळात काय सांगितलं होतं तेही त्यात लिहा.