‘मागच्या वेळचंच सिरप द्या’ या सल्ल्यात काय चुकतं

पालकांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो : “सर्दी-तापासाठी डॉक्टरकडे धावू नका. शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक हवंच. मागच्या वेळी लागू पडलेलं सिरप तीन दिवस द्या. उपयोग नाही झाला तरी नुकसान काही नाही.”

हिरवा रंग जंतूंचा नसतो. संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवट विकर असतं, त्याचा तो रंग. साध्या विषाणूजन्य सर्दीतही काही दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि मग आपोआप निवळतो. विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही.

मागच्या वेळी तीन दिवसांत ताप उतरला होता? विषाणूचा ताप बहुधा तेवढ्यात तसाही उतरतो. श्रेय सिरपला मिळतं.

सर्वांत जास्त घोळ ‘तेच सिरप’ या दोन शब्दांत आहे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल या अँटिबायोटिकच्या पावडरीत पाणी घातलं की ते फ्रिजमध्येही साधारण सातच दिवस टिकतं. उरलेली जुनी बाटली म्हणजे बेभरवशाचं औषध. नवी आणली, तरी त्याच नावाच्या अमॉक्सिसिलिन सिरपच्या 5 मिलीत कधी 125 मिलिग्रॅम औषध असतं, कधी 250. शिवाय डोस वजनावर ठरतो : तेव्हा 9 किलोचं असलेलं मूल आज 12 किलोचं असेल, तर जुना डोस पाव भागाने कमी पडतो. त्यात पाणी बाटलीवरच्या खुणेच्या वर गेलं की औषध पातळ होतं. फेस बसू न देता खूण पाहिली, तर उलट पाणी कमी पडतं. बाटली न हलवता ओतली तर औषध तळाशीच राहतं. घरातला चमचा तर मोजमापच नव्हे. सुईविना सिरिंज किंवा खुणांचं झाकण वापरावं, डॉक्टरांनी दिलेल्या औषधालासुद्धा.

‘नुकसान नाही’ हेही खोटं. जुलाब, पुरळ हे तर नेहमीचंच. लघवीच्या संसर्गात एक-दोन डोसांनीही कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू उगवेनासे होऊ शकतात, मग ताप कशाचा हेच कळत नाही. मेंदूज्वरात अपुऱ्या डोसाने लक्षणं दबतात, निदान लांबतं. शिवाय आतड्यातले आणि घशातले औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात. पुढे खरंच कान पिकला, तर तेच औषध लागू पडेलच असं नाही.

राहिलं ‘धावू नका’. हे अर्धं बरोबर आहे. वर्षावरचं मूल खेळतंय, पाणी पितंय, लघवी नीट होतेय, तर एक-दोन दिवस वाट पाहता येते, पण अँटिबायोटिकशिवाय. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सियस ताप आला, तर त्याच दिवशी दाखवायचं. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा : दोन महिन्यांखाली 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडला, किंवा मूल पाणीही घेईना, तर लगेच निघा.