मालकाचं उत्तर : "नेटवर ४.४ स्टार, आणि हे म्हणतात घेऊ नका"

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि तक्रारी तीन आहेत. नेटवर ४.४ स्टार आणि हजारो रिव्ह्यू असलेलं फ्रंट लोड (समोरून दाराचं) वॉशिंग मशीन आम्ही "तुमच्या घरी नको" म्हणालो. त्याऐवजी सेमी ऑटोमॅटिक दाखवलं, म्हणजे त्यात आमचं कमिशन जास्त असणार. आणि आमच्या दुकानाचे पाच स्टारवाले रिव्ह्यू "पाहुण्यारावळ्यांनी लिहिलेले" वाटतात. शेवटी तेच फ्रंट लोड तुम्ही ऑनलाइन मागवलंत, दोन आठवडे झाले, मस्त चालतंय. चालू दे, आनंद आहे. मशीन वाईट आहे असं मी तेव्हाही म्हणालो नव्हतो.

आधी कमिशनचं बोलू, कारण वाचणाऱ्यांना त्यातच रस असणार. सेमीच्या दुप्पट-अडीचपट किंमत फ्रंट लोडची असते. मला पैसेच काढायचे असते तर तुम्ही बोट दाखवलेलं मशीन मी हसत हसत पॅक केलं असतं. पण तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. कंपन्या महिनाअखेरीला दुकानदारांना स्कीम लावतात, अमुक मॉडेलचे इतके नग काढा, एवढे जादा घ्या. मोठ्या शोरूममध्ये कंपनीचा टी-शर्ट घातलेला जो मुलगा हसून पुढे येतो, तो बहुतेक वेळा दुकानाचा नसतो, त्या कंपनीच्या पगारावर असतो. त्याला शेजारच्या कंपनीचं मशीन कसं आहे हे विचारून काय मिळणार? तेव्हा दुकानदाराला तोंडावर विचारावं, "यात सध्या स्कीम आहे का?" मला विचारलंत तर मी सांगतो.

फक्त हाच प्रश्न फोनमधल्या माणसालाही विचारा. माझं कमिशन तुम्हाला दिसलं, कारण मी काउंटरमागे उभा होतो. व्हिडिओत मशीन फिरवून दाखवणाऱ्याच्या खाली लिंक असते, तिच्यावरून खरेदी झाली की त्यालाही सुटतं. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करत असाल तर ते लोकांना स्पष्ट दिसेल असं सांगा, अशा सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये काढल्या आहेत. सांगणारे आहेतही. पुष्कळांचं मात्र खालच्या बारीक अक्षरांत असतं, आणि ती अक्षरं उघडायला आणखी एकदा बोट लावावं लागतं.

आता त्या ४.४ कडे येतो. "सगळे रिव्ह्यू खोटे असतात" असं मी म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय, तसं मी म्हणालो नव्हतो. काही खोटे असतातच. काही मालाच्या खोक्यात चिठ्ठी येते, पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, कॅशबॅक घ्या. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, लिहिणारा खरा माणूस आहे याची खातरजमा करावी, असं सांगणारं भारतीय मानक (आयएस १९०००) नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, पण ते आलं ऐच्छिक म्हणून. हे सगळं धरूनही मी म्हणतो की त्या पानावरचे बहुतेक रिव्ह्यू खऱ्या माणसांचेच असतील. आणि तरी ते तुमच्या कामाचे नव्हते.

आठवतंय का बघा. तुमच्या मिस्टरांनी काउंटरवर फोन ठेवून एक रिव्ह्यू मोठ्याने वाचला होता, "ड्रायर एकदम फास्ट आहे, दोन्ही टब मोठे आहेत." ताई, दोन टब सेमी ऑटोमॅटिकला असतात. फ्रंट लोडला एकच ड्रम. त्या बिचाऱ्याने स्वतःच्या सेमीबद्दल खरंच लिहिलं होतं. ऑनलाइन पानांवर एकाच कंपनीची वेगवेगळी मॉडेलं कधी कधी एका ओळीत बांधलेली असतात आणि सगळ्यांचे स्टार एकत्र मोजले जातात. सहा किलोचं, आठ किलोचं, क्वचित वेगळ्या जातीचंही. म्हणून रिव्ह्यूच्या वर बारीक अक्षरांत कुठलं मॉडेल आणि किती किलो लिहिलंय ते आधी बघायचं. ते नसेल तर तो रिव्ह्यू नेमका कशाचा हे देव जाणे.

दुसरं म्हणजे तारखा. स्टार द्या असा मेसेज येतो माल पोचल्यावर लगेच. तेव्हा माणूस काय लिहिणार? खोकं नीट आलं, डिलिव्हरीवाल्याने दुसऱ्या मजल्यावर चढवून दिलं, रंग छान, आवाज नाही. नवीन मशीनला आवाज नसतोच. बेअरिंग घरघरायला लागतं, दाराचं रबर फाटतं, आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड उडतो, ते वॉरंटी संपता संपता किंवा नंतर. तेव्हा रागावलेला माणूस सर्व्हिस सेंटरला फोन लावत बसतो, जुन्या पानावर जाऊन स्टार कमी करणारा हजारात एखादा. त्या ४.४ मध्ये पहिल्या आठवड्याचं समाधान आहे, तिसऱ्या वर्षाचा खर्च नाही. तुमचे दोन आठवडेही त्याच पहिल्या हिश्शातले आहेत, हे रागावून घेऊ नका.

तिसरं, आणि माझ्या मते खरं कारण. रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या घरी पाणी कुठलं? तुम्ही मला सांगितलंत की टाकी गच्चीवर, मशीन लगेच खालच्या मजल्यावर, आणि नळाला पाणी येत नाही त्या दिवसांत बोअर. आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे मी सोलापूरकरांना काय सांगायचं. फ्रंट लोडला आत पाणी घ्यायला दाब लागतो. पुस्तिकेत साधारण ०.३ ते ०.५ बारपासून पुढचा आकडा असतो, बार हे दाब मोजायचं माप. ०.३ बार म्हणजे मशीनपासून टाकीतलं पाणी दहा फूट वर हवं. तुमच्याकडे तेवढं भरत नाही असं तुमच्याच बोलण्यावरून वाटलं. दाब कमी पडला की मशीन पाणी घेत राहतं, वेळ संपते आणि स्क्रीनवर एरर येतो. सेमीत बादलीने पाणी ओतता येतं, फ्रंट लोडमध्ये ती सोय नाही. शिवाय बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. आतल्या हीटरवर पांढरा थर धरतो, साबणाचा फेस होत नाही, कपडे कडक होतात. मोठ्या शहरातल्या फ्लॅटमध्ये, बाराव्या मजल्यावर टाकी असलेल्या सोसायटीत बसून कुणी पाच स्टार दिले असतील तर त्याचं काही चुकलं नाही. फक्त तो तुमच्या घरी राहत नाही.

फ्रंट लोडची बाजूही सांगतो. ते टॉप लोडपेक्षा (वरून कपडे टाकायच्या मशीनपेक्षा) पाणी कमी घेतं, कपडा कमी झिजवतं, आणि पाणीटंचाईच्या गावात हा मोठा गुण आहे. "टाकी उचलून घ्या किंवा छोटा प्रेशर पंप बसवा, मग हेच घ्या" असंही मी म्हणालो होतो. ते तुमच्या रिव्ह्यूत आलेलं नाही.

मग विश्वास ठेवायचा कुणावर, असं तुम्ही विचारलंय. माझा भरवसा मेकॅनिकवर. पण त्याला "कुठली कंपनी चांगली" असं विचारलं तर तो घरच्या मशीनचं नाव सांगेल. विचारायचं असं, "या मॉडेलचा बोर्ड आणि ड्रेन पंप (पाणी बाहेर टाकणारा) सोलापुरात किती दिवसांत मिळतो?" पुण्याहून मागवावा लागतो म्हणाला की समजून घ्यायचं. वॉरंटी कार्ड वाचायचं. "१० वर्षं वॉरंटी" असा मोठा स्टिकर असतो तो मोटरचा. बोर्ड, पंप, रबर हे त्यात नसतं, पूर्ण मशीनची वॉरंटी बऱ्याचदा दोनच वर्षं. नेटवर वाचायचंच तर दोन-तीन स्टारवाले, सर्वात नवीन आधी लावून. त्यात माणूस काय आवडलं आणि काय खटकलं दोन्ही सांगतो. दिल्लीची कन्झ्युमर व्हॉइस आणि अहमदाबादची सीईआरसी (कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर) या ग्राहक संस्था प्रयोगशाळेत वस्तू तपासून तुलना छापतात. त्यांची अडचण एकच, तपासलेलं मॉडेल कधी कधी बाजारातून गेलेलं असतं. फ्रिज घ्याल तेव्हा मात्र वीजबचतीच्या लेबलवरचे स्टार मोजत बसू नका, खाली वर्षाला लागणारे विजेचे युनिट लिहिलेले असतात तो आकडा दोन फ्रिजमध्ये ताडून बघा. तो मोजलेला असतो, कुणाच्या आवडीवर नसतो.

राहिले आमच्या दुकानाचे पाच स्टार. त्यात ओळखीचे लोक आहेतच. इतकी वर्षं एकाच पेठेत धंदा केल्यावर बिनओळखीचं गिऱ्हाईक आणायचं कुठून? स्टारच्या बदल्यात स्टँड किंवा कव्हर फुकट, असलं काही आम्ही करत नाही. पण "नाइस शॉप", "गुड सर्व्हिस" एवढंच लिहिलेल्या रिव्ह्यूवरून तुम्ही मशीन ठरवलं नाहीत हे बरोबरच केलंत. मीही ठरवलं नसतं.

मशीन आमच्याकडून गेलं नसलं तरी एवढं करा. मागे पाण्याचा पाइप जिथे बसतो तिथे आत बारीक जाळी असते. बोअरची रेती तिथेच अडकते. नळ बंद करून अधूनमधून ती काढून धुवा. पावडरऐवजी लिक्विड वापरा. थर काढायची पावडर कुठल्याही दुकानात मिळते, आमच्याकडूनच घ्या असं नाही. ऑनलाइन बिल छापून ठेवा. मशीन बिघडलं आणि कंपनी ऐकेना, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

दोन स्टार राहू द्या, बदला म्हणत नाही. फक्त त्याच रिव्ह्यूत टाकीची उंची आणि बोअरचं पाणी एवढी एक ओळ घाला. आणि उन्हाळा गेला की त्या ऑनलाइन पानावर मशीनबद्दल पुन्हा लिहा, चांगलं असो वा वाईट. चांगलं चाललं असेल तर तुमच्यासारखी टाकी असलेल्या गिऱ्हाइकाला मी तोच रिव्ह्यू दाखवीन.

— दुकानाचा मालक