डेव्हएम वापरलं की क्लीनअपचे बग संपतात, हे खरं नाही

सगळीकडे फिरतंय की लिनक्स ड्रायव्हरमधे डेव्हएम_ वाली फंक्शनं (घेतलेली मेमरी, इंटरप्ट वगैरे आपोआप सोडणारी) वापरा आणि रिमूव्ह (ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटताना चालणारं सफाईचं फंक्शन) विसरा, तसंही ते कोणी चालवत नाही. वेर्ण्याला आमच्याकडे नवीन आलेली पोरं हेच धरून बसलीत, म्हणून लिहितोय.

"सगळं आपोआप सुटतं." सुटतं, २००७ पासून सुटतंय, पण कधी? तुमचं रिमूव्ह पूर्ण संपल्यावर, आणि घेतलं त्याच्या उलट्या क्रमाने. आता प्रोबमधे (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना चालणारं फंक्शन) हार्डवेअर ब्लॉकचं क्लॉक हाताने चालू केलं, मग आयआरक्यू (हार्डवेअरची इंटरप्ट लाइन) डेव्हएमने घेतला आणि रिमूव्हमधे क्लॉक बंद केलं, तर क्लॉक गेलं तरी आयआरक्यू जिवंतच राहतो, तेवढ्यात इंटरप्ट आला की हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारं फंक्शन) क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचायला जातो आणि बऱ्याच एसओसीवर (अख्खी सिस्टिम असलेली चिप) बसच अडकते, बोर्ड ठप्प. आमच्याकडे जत्रेचं नाटक संपलं की आधी नट खाली उतरतात, मग पडदे निघतात, फळ्या शेवटी. इथे नट वर असतानाच फळ्या ओढल्या.

क्लॉक चालू केल्यावर लगेच पुढच्या ओळीत डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रिसेटने ते बंद करायचं नोंदवून टाका, आयआरक्यू त्यानंतरच मागा. अर्धं हाताने अर्धं डेव्हएमने, हेच घात करतं. वर्कचंही (हँडलरने नंतर करायला ठेवलेलं काम) तेच, रिमूव्हमधे कॅन्सल_वर्क_सिंक केलंत तरी जिवंत आयआरक्यू ते परत शेड्यूल करू शकतो, मग मेमरी सुटते आणि वर्क त्याच सुटलेल्या मेमरीवर चालतं.

"रिमूव्ह चालतच नाही." यूएसबी उपटला की चालतं, सिसएफएसमधून (/sys मधल्या फाइल्स) अनबाइंड केलं, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवला, की चालतं. आणि प्रोब मधेच फेल झाला तरी डेव्हएमची सफाई होतेच, रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) अजून तयार नसेल तर ईप्रोब_डिफर ("नंतर परत प्रोब करा" हा एरर) मिळतो, म्हणजे साध्या बूटमधेसुद्धा हा रस्ता चालतो!

"क्रॅश होत नाही म्हणजे बरोबर." टायमिंग जुळलं नाही एवढंच. कासान (कर्नलमधला चुकीचा मेमरी वापर पकडणारं टूल) लावा, इंटरप्ट येत राहतील असं बघा आणि लूपमधे बाइंड-अनबाइंड करा. आयआरक्यू शेअर्ड असेल तर कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू हा कर्नलचा पर्याय पण लावा, आयआरक्यू सोडताना ते हँडलरला मुद्दाम एकदा बोलावतं.

"मेमरीची तरी काळजी नको." कोणी डिव्हाइस फाइल उघडी ठेवली असेल तर हवी. डेव्हएम_केझॅलॉकने घेतलेली मेमरी अनबाइंडबरोबर जाते, फाइल उघडीच राहते, पुढचा रीड सरळ त्या सुटलेल्या जागेत. तिथे साधं केझॅलॉक आणि केरेफ (किती जण वापरतायत ते मोजणारा काउंटर) वापरा, शेवटचा क्लोज झाल्यावरच सोडा.